पाण्याचं गाणं

प्रिय ढब्बू,

जगाने तुला काहीही नाव दिलेलं असो आणि गाण्यांच्या पोस्टरवर गॉगल लावून तू कितीही रागाने बघत असलास, तरी माझ्यासाठी तू ढब्बूच. पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, चष्म्याचं दुकान नीट चाललंय, छतही गळत नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुझं एकच उत्तर असतं, "मस्त." तब्येत कशी? मस्त. जेवलास का? मस्त. सूनबाई काय म्हणते? मस्त. परवा मी सांगितलं की माझी दाढ काढली, तेव्हाही तू मस्तच म्हणालास. तेव्हा ठरवलं, या मुलाशी बोलायचं तर कागदावर. मध्ये शब्द घालायला त्याला जागाच ठेवायची नाही.

आता बसून घे. मी नाचायला जाते. सालसा. हसलास ना? हस. मीही पहिल्यांदा हसलेच होते. झालं असं, की आपल्या दुकानाच्या वर गालिच्यांचं गोदाम होतं ना, ते रिकामं झालं आणि तिथे नाचाचा क्लास आला. खाली आमची दुर्दशा. कपाटातल्या काचा किणकिण वाजायच्या, फ्रेमी खिळ्यावरून उड्या मारायच्या. एक आजोबा नंबर तपासायला आले, ते ठेक्यात मान हलवत तक्ता वाचायला लागले आणि रंगात येऊन तक्त्यावर नसलेली ओळसुद्धा वाचून मोकळे झाले. मी त्यांना नंबर कुठला देऊ? बाह्या सरसावून तरातरा वर गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला सांगू. क्लासचा मास्तर म्हणजे एक काटकुळा तरुण, डोक्यावर अंबाडा, माझ्या लग्नातही माझा एवढा नव्हता. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणतो, "बरं झालं आलात काकू, एक बाई कमीच पडत होती, या इथे उभ्या राहा." आणि मला नेऊन उभं केलं ते समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांपुढे. माझ्या तोंडातला दात न् दात ओळखणारा माणूस, पण हात हातात घ्यायची वेळ आली तर दोघंही लाजून लाल. भांडण राहिलं बाजूला, आणि मी अजून वरच आहे.

उगाच भुवया उंचावू नकोस. डॉक्टर फक्त नाचापुरते. त्यांची बायको दाराशी बसून येणाऱ्यांच्या मनगटावर शिक्के मारते आणि आम्ही ठेका चुकवला की तिथूनच ओरडते. तुझे बाबा गेल्यावर संध्याकाळी दुकान बंद केलं की मला घरी जायचा कंटाळा यायचा. कुलूप लावून झाल्यावर ते नीट लागलंय का हे पुन्हा पुन्हा बघत बसायचे. आता कुलूप लावते आणि तडक जिना चढते. शनिवारी संध्याकाळी तर सोशल असतो. तू म्हणशील, आई मला काय शिकवतेस, पण ऐक. सोशल म्हणजे काही कार्यक्रम नसतो. गाणं लागतं, ज्याला ज्याच्याबरोबर नाचायचंय त्याने हात पुढे करायचा, गाणं संपलं की आभार मानून दुसऱ्याकडे जायचं. आमच्याकडे नळदुरुस्तीवाला आहे, शाळेतल्या गणिताच्या बाई आहेत, बँकेतली एक मुलगी आहे जी दिवसभर कोणाशी बोलत नाही आणि वर आली की भिंगरी होते.

गाणी लावणाऱ्या डीजेला सगळे प्रोफेसर म्हणतात, कारण गाण्याआधी तो भाषण देतो. त्याचं म्हणणं असं, की हल्ली पॉपवाले सगळेच उठून सालसा करायला लागलेत, आधी गिटार घेऊन रडायचे ते आता ट्रंपेट घेऊन रडतात. पण माणूस प्रामाणिक आहे. ती कानात कुजबुजल्यासारखं गाणारी मुलगी आहे ना तुमच्या लाइनीतली, तिचं सालसाचं गाणं त्याने नाक मुरडत लावलं, आणि अख्खा हॉल असा काही नाचला की खाली माझ्या दुकानात दोन आरसे तिरके झाले. तेव्हापासून तो नव्या लोकांची गाणीही लावतो. आणि अशात तुझा फोन, "आई, या वेळी सालसा केलाय मी!" ढब्बू, मला काय वाटलं सांगू? फोन ठेवला आणि रिकाम्या दुकानात एक गिरकी घेतली. तुला तेव्हाच सांगणार होते, पण म्हटलं आधी गाणं वाजू दे, मग दोन्ही गोड बातम्या एकदम देऊ. प्रोफेसरला हळूच सांगितलं, हे नवं गाणं लाव. गाणारा माझा कोण लागतो ते सांगितलं नाही.

तुझ्या गाण्याच्या सुरुवातीला समुद्र आहे. चांगला आहे समुद्र, पण किती वेळ! सगळे एकमेकांचे हात धरून उभे, नुसत्या लाटा. नळदुरुस्तीवाला वर छताकडे बघायला लागला, कुठे गळतंय का. मग वाजली रे ट्रॉम्बोन, ती लांब पितळी तुतारी! अशी वाजली की माझी छाती फुगली, डॉक्टर म्हणाले, "वा, काय ताकद आहे," आणि त्यांनी मला जोरात फिरवून मागे वाकवलं. आणि गाणं बंद. एकदम चिडीचूप. मी वाळत घातलेल्या टॉवेलसारखी त्यांच्या हातावर लोंबकळतेय, ते कानाशी विचारतायत, "संपलं का हो?" तेवढ्यात तू एक उसासा सोडलास आणि ढोल पुन्हा सुरू. कोणाचा पाय कुठे, कोणाचा कुठे! गणिताच्या बाई बँकेच्या मुलीवर आदळल्या. सावरतोय तोच पुन्हा बंद. आणि तिसऱ्यांदा तर वाद्यं सगळी गेली आणि तू एकटाच गायला लागलास, संथ, लांबलचक. त्यावर नाचणार कसं? लोकांनी एकमेकांचे हात सोडले आणि पाण्याच्या पिंपाकडे गेले. प्रोफेसरने माइकवरून सांगून टाकलं, "हं, पाणी पिऊन घ्या." पुढच्या शनिवारी पाण्याची सुट्टी झाली तेव्हा त्याने तेच लावलं, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. आता त्याचं नावच पडलंय, पाण्याचं गाणं. लाटा ऐकू आल्या की लोकांच्या घशाला कोरड पडते.

तुला यातलं काय कळलं? एवढंच, की आपल्याकडे तुझं गाणं दर आठवड्याला लागतं. तू किती खूश झालास! "आई, रेकॉर्ड कंपनीवाले म्हणतात तिथल्या नाचणाऱ्यांना ते फार आवडलंय." मी म्हटलं, "हो रे, तहानलेले असतात नुसते." शब्दशः खरं बोलले.

पण एका शनिवारी मास्तर पाणी पिता पिता म्हणाला, "हे गाणं ज्याने केलंय त्याला पाय नसावेत." आणि माझा तोल गेला. "आहेत!" मी ओरडले, "दोन्ही आहेत, मीच दिलेत. आणि वर्षाच्या आत चालायला लागला होता तो!" मास्तरचा अंबाडा सुटायचा बाकी राहिला. पुढच्या आठवड्यात काय व्हावं? सगळ्यांनी ठरवून, माझ्या तोंडाकडे बघून, तुझं गाणं अथपासून इतिपर्यंत नाचलं. तहानलेली माणसं दात-ओठ खाऊन नाचतायत, मला हसावं की रडावं कळेना. आणि डॉक्टर, भला माणूस, गाणं थांबलेलं असतानाही मला खूश करायला एक मोठी गिरकी घ्यायला गेले. घोटा असा मुरगळला की आता खुर्चीवर बसूनच दात काढतात आणि कंपाउंडर पेशंटना वर-खाली करतो. त्यांची बायको म्हणाली, "वहिनी, तुमच्या मुलाला सांगा, गाणं ताकदीचं आहे."

आणि आता कंपनी तुला घेऊन येतेय, शनिवारी, आमच्याच हॉलमध्ये, जिवंत बँडसकट. वर मोठी कापडी पाटी लागलीय. मास्तरची झोप उडालीय. परवा बैठक झाली, तू गाताना लोक सवयीने पाण्याला गेले तर काय करायचं? कोणी म्हणालं पिंप लपवून ठेवू. गणिताच्या बाई म्हणाल्या, थांबण्याच्या जागा पाठ करू. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, "काकू, तुम्हीच सांगा ना त्याला, ते थांबे काढून टाक म्हणावं, बाकी गाणं झकास आहे." मी म्हटलं, लिहिते.

पण त्यांनी सांगितलेलं नाही, मला खरं काय लिहायचंय ते लिहिते. थांबे काढू नकोस. सगळे पाणी प्यायला जातात तेव्हा मी जागची हलत नाही, स्पीकरपाशी उभी राहते. तिसऱ्या थांब्याला तू एकटा गातोस तिथे एका ओळीच्या आधी आवंढा गिळतोस. प्रोफेसर म्हणतो, ती कला आहे. मला ठाऊक आहे ती काय आहे. लहानपणी रडून आलास आणि मी विचारलं काय झालं, की "काही नाही" म्हणायच्या आधी तू अगदी तसाच गिळायचास. तरी मी स्वतःला समजावत होते, की नसेल तसं. पण मंगळवारी सूनबाई दुकानात आली. चष्मा बदलायचा म्हणाली. खुर्चीत बसली, वरची मोठी अक्षरं वाचली, मग पुढची दिसेनात. भिजलेल्या डोळ्यांचा नंबर काढता येत नाही रे. मी दिवा लावला. तिने विचारलं, "आई, त्याने तुम्हाला सांगितलं असेलच ना?" मी म्हटलं, "हो, सांगितलंय." तू आईलाही बोलला नाहीस हे तिला कशाला कळू द्यायचं? गाणं यायच्या आधीपासून ती बहिणीकडे राहतेय, एवढंच ती म्हणाली. चूक कोणाची हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. जाताना मला मिठी मारून गेली. तुलाही मी काही विचारणार नाही. शनिवारी तू सगळ्यांसाठी गाशीलच, पण शुक्रवारी ये, एकटा, मॅनेजरला न सांगता. हॉलची किल्ली मी मागून घेतलीय. डॉक्टर जायबंदी, म्हणजे मला जोडीदार नाही, तो तूच. तुझंच गाणं लावू. पायात चामड्याच्या तळव्याचे बूट घाल, रबराचे अडकतात. गाणं जिथे थांबेल तिथे आपणही थांबू, हात न सोडता. तिथे तुला रडू आलं तर रडून घे, ठेका मी धरून ठेवते.

तुझीच,
आई