नीलाच्या पोपटामागचं चित्र

तुळजापूर,
फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप तात्या यांस, धाकटा बंधू राघवेंद्र याचा साष्टांग नमस्कार. आपली गुडघेदुखी थंडीनं वाढली की उतरली ते कळवावं. वहिनींना नमस्कार. इकडं देवीच्या कृपेनं सर्व खुशाल आहे, आणि ज्या अर्थी मी अजून घरातच राहतो आहे त्या अर्थी आपली भावजय चंद्रप्रभाही खुशाल आहे.

आपण मुंबईच्या फुटपाथवरून वेळोवेळी घेऊन धाडलेल्या अमूर्त चित्रांच्या छापील प्रती आता सात झाल्या. अमेरिकेतले चित्रकार जमिनीवर कापड पसरून वरून रंग ओततात, हे मी इथं दोन वर्षं ज्याला त्याला समजावतो आहे. (आमच्या हेडमास्तरांनी एवढंच विचारलं, की मग फरशी पुसतं कोण.) आमच्या नीलाची दोन स्थळं मोडली ती या चित्रांमुळंच, असं हिचं मत. दुसरं खरं तर पत्रिकेवरून मोडलं. पण मुलीची पत्रिका बंबात घालता येत नाही, चित्रं येतात. तिसरं स्थळ मोडलं तर सातही चित्रं बंबात जातील, असं हिनं देव्हाऱ्यासमोर सांगून टाकलं.

तिसरं स्थळ ईट गावच्या अण्णारावांचं. मुलगा उस्मानाबादेला कचेरीत कारकून. पाहुणे यायचे त्या सकाळी हिनं रिवाजाप्रमाणं मुलीचं हस्तकौशल्य भिंतीवर मांडलं. सहा चित्रं माळ्यावर गेली. सातवं, सर्वांत मोठं, भिंतीवरून निघेना (खिळे मीच ठोकले होते), म्हणून त्याच्यावरच नीलानं कापडावर दोऱ्यानं भरलेला पोपट टांगला. पोपटाची चौकट सागवानी. पाहुण्यांचे पोहे निम्मे झाले असतील नसतील, पोपट धाडकन खाली आला आणि मागचं काळं-तांबडं-पिवळं चित्र उघडं पडलं.

अण्णाराव बशी ठेवून उठले. "हे बी मुलीनंच काढलंय व्हय?" ही म्हणाली, "तिनंच." मी शाळेत सत्यावर निबंध लिहून घेणारा माणूस, पण माझ्या तोंडात पोहे होते. अण्णाराव भिंतीशी गेले, मागं सरले, मान तिरकी केली. म्हणाले, "हे तर आमचं खळं. मळणीत वावटळ आली की भूस, माती, कणसं, समदं असंच दिसतंय. पोपट कुणीबी भरंल, वारं कुणी काढलंय?" तात्या, मला भरून आलं. दोन वर्षांत तुळजापुरात एकालाही जे कळलं नाही, ते या माणसाला बशीभर पोह्यांत कळलं. त्याच बैठकीत मुलगी पसंत झाली. अट एकच घातली: रुखवतात असंच एक मोठं चित्र पाहिजे, त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात लावायला.

आपला आज्ञाधारक,
राघवेंद्र

ता. क. म्हणूनच हे पत्र. मिळेल ते सर्वांत मोठं चित्र टपालानं धाडावं. खाली चित्रकाराचं नाव छापलेलं नसावं.

पुन्हा ता. क. नाव असलं तरी चालेल. मुलाला इंग्रजी वाचता येतं, हे आम्ही विसरलोच होतो. पाणी द्यायला गेलेल्या नीलाला तो हळूच म्हणाला म्हणे, "सही मात्र साहेबाच्या नावानं करता?" बापाला त्यानं अजून सांगितलेलं नाही. हे सांगताना नीला इतकी हसली, की तिची पसंती वेगळी विचारावी लागली नाही. मला फार आनंद झाला आहे.

शेवटचं ता. क. चित्र धाडूच नका. दुसऱ्याचं काम रुखवतात मांडणार नाही म्हणून नीलानं काल अंगणात कापड पसरून त्यावर काव, हळद, नीळ आणि काजळी ओतली. वाळल्यावर मी कितीतरी वेळ बघत बसलो. आपण धाडलेल्या सातांहून सरस आहे. तेव्हा लग्नाला येताना फक्त एक धोतर जास्तीचं आणावं. दिवाळीत आपण इथं विसरून गेलात, ते आता ईटच्या सोप्यात लागणार आहे.