सात नंबरची पेटी

प्रिय धाकट्या,

मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मी रोजच्यासारखा देवापुढे पाच मिनिटं बसलो, डबा घेतला आणि साडेसातला संग्रहालयाच्या शेडमध्ये पोचलो. विमानाच्या नाकाखाली फळी टाकून पाठीवर झोपलो आणि वैमानिकाच्या बैठकीखालच्या कप्प्याचं झाकण सोडवायला घेतलं. बावीस स्क्रू. त्यातले नऊ गंजून बसलेले, त्यांना आदल्या दिवशीच तेल पाजून ठेवलं होतं. झाकण खाली आलं तशी तोंडावर धूळ सांडली, वाळकं गवत पडलं, कुठल्याशा पाखराचं मोडकं घरटं पडलं. बॅटरी आत मारली. विमान वळवायच्या दांड्या जिथून मागे जातात तिथे, एका आडव्या पट्टीमागे, एक स्क्रूड्रायव्हर उभा अडकला होता. मुठीला सुती पट्टी गुंडाळलेली. तुझ्या तळहाताला घाम यायचा म्हणून तू तशी बांधायचास. पोलादावर कोरलेला आकडा मी आधी बोटाने वाचला, मग डोळ्यांनी. सात. तुझ्या पेटीचा नंबर.

तू म्हणशील, दादाने पुन्हा विमानाचं काढलं. मागे फोनवर तू बजावलं होतंस, ‘दुसरं काहीही बोल, ते नको.’ मी शब्द पाळलाही. पण आता पाळता येणार नाही, आणि हे फोनवर सांगायची माझी छाती नाही. शाळेत गुरुजींनी आपल्याला काही शिकवलं असेल तर सरळ ओळीत लिहायला, तेव्हा लिहितो.

हे आपलंच विमान आहे, तळावर आपण दोघं ज्याची दुरुस्ती-देखभाल करायचो ते. निवृत्त झाल्यावर पंधरा वर्षं धावपट्टीच्या टोकाला कुंपणाशी उन्हापावसात उभं होतं. संग्रहालयाने ते मागितलं तेव्हा त्यावर हात चालवलेली जुनी माणसं हवी होती. आम्ही तिघं गेलो. एकाचे गुडघे वाकेनात, दुसऱ्याला दिसेना, राहिलो मी. पंख उतरवायलाच आठवडा गेला. डाव्या पंखाच्या एका बोल्टने दोन दिवस घेतले. क्रेनवाला खाली उभा राहून म्हणाला, ‘काका, यांचं लग्न लागलेलं दिसतंय, कशाला मोडताय?’ शेवटी सुटला तेव्हा त्यानेच टाळ्या वाजवल्या. मग धड एका लांब ट्रेलरवर, पंख दुसऱ्यावर, आणि माणसाच्या चालीने दोन दिवसांचा रस्ता. पुढे तारा उचलायला बांबू घेतलेले दोघं, मागे मी शेपटीवर नजर ठेवून. एका वळणावर शेपूट न्हाव्याच्या पाटीला अडलं. न्हावी अर्धी दाढी तशीच सोडून बाहेर आला, शिडी लावून पाटी स्वतः उतरवली आणि आम्ही जाईपर्यंत ती छातीशी धरून उभा राहिला. गिऱ्हाईकही फेसासकट बाहेर येऊन बघत होतं. तू असतास तर हसला असतास.

संग्रहालयाच्या बाई कडक आहेत. मला वाटलं होतं, घासूनपुसून नवा रंग मारायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी हातातला पॉलिश पेपर काढून घेतला. म्हणाल्या, ‘नवं करायचं नाहीये. आहे तसं टिकवायचंय.’ मऊ ब्रशने धुवायचं, कोरडं करायचं, गंज थांबवायचा, पण ओरखडा मिटवायचा नाही. प्रत्येक पोच्याची वहीत नोंद करायची. कशाने आला ते ठाऊक असेल तर लिहायचं, नसेल तर ‘माहीत नाही’ लिहायचं. ठाऊक असून ‘माहीत नाही’ लिहिलं तर मात्र चालायचं नाही. हे त्या सगळ्यांनाच सांगतात. मला ते उगाच लागायचं.

आता चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाचं. तू मागे इंजिनाच्या बाजूला होतास, मी पुढे बैठकीखाली. संध्याकाळी तू पेटीतली हत्यारं मोजलीस, लाकडात कोरलेली एक खाच रिकामी दिसली, आणि तू स्वतः जाऊन साहेबांना सांगितलंस की एक कमी आहे. गप्प बसला असतास तर आठवडाभर कुणाला कळलं नसतं. हत्यार विमानात राहिलं तर दांडी अडकून माणूस मरू शकतो, म्हणून तू गप्प बसला नाहीस. चार दिवस विमान उघडं पडलं होतं. सगळ्यांनी शोधलं, पण शोधलं कुठे? तू जिथे काम केलं होतंस तिथे. पुढे कुणी डोकावलंच नाही. पुढे तुझं काही काम नव्हतं ना.

धाकट्या, तो स्क्रूड्रायव्हर मी नेला होता. माझ्याचं टोक झिजलं होतं, तू चहाला गेला होतास, मी तुझ्या पेटीतून उचलला. काम झाल्यावर परत ठेवला असं मला वाटत होतं. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, ‘या पेटीला दुसऱ्या कुणी हात लावला होता का?’ मी नाही म्हणालो. तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी तो जागेवर ठेवलाय, मग उगाच कशाला बोला. दुसऱ्या दिवशी खात्री वाटेना. तिसऱ्या दिवशी मला कळून चुकलं होतं की ठेवल्याचं मला आठवतच नाही. पुढच्या सोमवारी माझी वरच्या जागेची परीक्षा होती. चौथ्या दिवशी तू चौकशीत म्हणालास, ‘माझ्याच हातून कुठे पडला असेल.’ मी तुझ्या शेजारी उभा होतो.

विमान उडायला ठीक आहे अशी सही करायचा तुझा अधिकार गेला, तुला भांडारात बसवलं, वर्षभरात तू नोकरी सोडलीस. मी परीक्षा पास झालो. विमान त्यानंतर नऊ वर्षं उडत होतं. दांड्यांपासून चार बोटांवर ते हत्यार, आणि वर दरवेळी कुणाचा तरी मुलगा बसलेला. देवाने त्यांना सांभाळलं हे मी मानतो. पण रोज सकाळी त्याच्यापुढे बसून मी सगळ्यांसाठी मागणं मागायचो, आणि ही एक गोष्ट तेवढी चतुराईने वगळायचो. त्याला का कळत नसेल?

तुझी बायको दरवेळी सांगते, यांना घराबाहेर काढायचं म्हणजे अर्धा तास. कुलूप लावतात, गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि परत येऊन ओढून बघतात. दुकानात शिलाई मशीन दुरुस्त करून दिलं की संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन विचारतात, आत काही राहिलं नाही ना. आम्ही सगळे हसतो. मीही हसलोय, तुझ्यासमोर. लहानपणी तू असा नव्हतास. डोळे मिटून सायकल खोलून जोडायचास.

तीन दिवस तो स्क्रूड्रायव्हर माझ्या डब्याच्या पिशवीत होता. परत झाकणामागे ठेवून बावीस स्क्रू आवळावेत, असंही मनात आलं. लपवत नाही. चौथ्या दिवशी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती, हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाली, ‘मला काय सांगतोस? त्याला सांग.’ मग बाईंना दिला. सापडला कुठे हे सांगितलं, बाकीचं तोंडातून फुटलं नाही. त्यांना आनंद झाला, असं काही सापडलं की त्यांना सण वाटतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेच्या पेटीत ठेवायची चिठ्ठी करून आणली: ‘विमानात राहिलेलं हत्यार. कुणाकडून राहिलं ते माहीत नाही.’ मी ती वाचली आणि म्हणालो, ‘बाई, हे माहीत आहे.’

ते म्हणणं सोपं गेलं नाही. उद्घाटनाच्या फलकावर माझं नाव पहिलं आहे. बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि नवा कागद पुढे सरकवला. चिठ्ठीवर आता माझं नाव आहे, हुद्द्यासकट, आणि खाली लिहिलंय की सात नंबरच्या पेटीच्या मालकाने हत्यार कमी असल्याचं त्याच दिवशी कळवलं होतं. काल मी आपल्या जुन्या तळाच्या नोंदणी कार्यालयात गेलो आणि लेखी जबाब दिला. कारकून म्हणाला, ‘काका, इतक्या वर्षांनी कशाला उकरताय? कोण बघणार आहे?’ मी म्हटलं, एक जण बघेल, तुम्ही शिक्का मारा. त्याने मारला. ती प्रत या पाकिटात आहे. तुझ्या नोंदीतला शेरा काढायला त्यांना काही महिने लागतील, पण अर्ज आत गेला आहे, आता मलाही तो मागे घेता येणार नाही. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, त्यावर मी काही म्हणणार नाही. मला एवढंच कळवायचं होतं की तुझ्या हातून काहीही पडलं नव्हतं. त्या संध्याकाळी तू बरोबर मोजलं होतंस. उद्या दुकानात निघताना कुलूप एकदाच लाव, आणि जा.

तुझाच,
न विचारता तुझ्या पेटीला हात लावणारा,
दादा