सलगमाच्या चकोल्या

अण्णा,

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते आणि आज माझे केस तुमच्या शेवटच्या फोटोतल्या केसांपेक्षा जास्त पांढरे आहेत. मधल्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही असं नाही, पण तुम्ही कान देऊन ऐकाल असं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. लग्न, नोकरी, मुलगी, कतारला येणं, हे सगळं तुम्ही "बरं, बरं" म्हणून ऐकलं असतंत आणि नजर खिडकीबाहेर गेली असती. आता मात्र सांगण्यासारखं आहे. मी भाजी लावते.

दोहात अबू हमूर म्हणून भाग आहे. तिथे एका कंपाउंडमधल्या व्हिलात आम्ही राहतो. मागच्या दारी भिंतीला लागून जमिनीची एक लांबट पट्टी आहे. आम्ही आलो तेव्हा तिथे नुसती वाळू आणि फरश्यांचे तुकडे होते. नर्सरीतून मातीची पोती आणली, वर्षभर स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून त्यात मिसळला, ठिबकची नळी टाकली. पहिल्या वर्षी फक्त मेथी आली, तीही विरळ. आता टोमॅटो, पालक, मुळा, गाजर, सलगम एवढं निघतं. हा प्रदेश तुमच्या नोकरीच्या गावाच्या, लेहच्या, अगदी उलटा. तुम्ही आभाळाला टेकलेले, मी समुद्राच्या पातळीवर. पण पाण्याची ओढ तीच आणि हंगामही तसाच तोकडा. तुमच्याकडे बर्फ वितळलं की बी पडायचं आणि सप्टेंबर सरता सरता पहिल्या कडाक्यात पानं काळी पडायची. माझ्याकडे नेमकं तेव्हाच बी पडतं आणि एप्रिलच्या शेवटी पानं हातात कागदासारखी चुरतात. मग उन्हाळाभर मागचं दार बंद. त्या दिवसांत आम्ही साताऱ्याला जायचो, आईकडे. गेल्या वर्षी बॅग भरताना माझ्या एकदम लक्षात आलं, तुम्हीही असेच यायचात. आम्ही म्हणायचो, अण्णा थंडीत येतात. तुम्ही थंडीत येत नव्हता, तिकडे काही उगवत नसे तेव्हा येत होता.

मी लेहला आले ती एकच सुट्टी. अकरा वर्षांची होते. आजी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आईला येता आलं नाही. ती नंतरही कधी आली नाही. विमानातून उतरल्यावर तुम्ही मला पूर्ण दिवस झोपवून ठेवलंत. "हवा विरळ आहे, उठलीस तर चक्कर येईल," म्हणालात आणि स्वतः मात्र सरकारी शेतावर निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मला तिथे नेलंत. चहूकडे उघडे डोंगर आणि मध्ये दगडी बांध घातलेली हिरवी वाफ्यांची नक्षी. जमिनीत माणूसभर खोल चर खणलेले, वर प्लॅस्टिक अंथरलेलं आणि आत उतरलं की दमट, उबदार, कोबीच्या रोपांचा वास. बर्फाचं पाणी पाटाने यायचं, प्रत्येकाच्या पाळीने. तुमची पाळी असली की तुम्ही कुणाशी बोलत नसायचात.

तुम्ही मला गाजरं विरळायला बसवलंत. दोन बोटांचं अंतर ठेवायचं, मधली रोपं उपटायची. मला ती कोवळी रोपं टाकवेनात. मी ती गुपचूप बांधाच्या कडेला पुन्हा लावली. संध्याकाळी तुम्ही माना टाकलेली ती रांग पाहिलीत आणि ओरडलात, "सगळ्यांना वाढवायला गेलीस तर एकाचंही गाजर होणार नाही. चार महिने आहेत आपल्याकडे, चार!" मी रडले. तुम्ही जवळ घेतलं नाहीत, पण सकाळी माझ्या उशाशी सुकवलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी होती.

आणि त्या बाई. तुमच्या खोलीच्या शेजारच्या घरातल्या. त्याही शेतावर कामाला यायच्या आणि दुपारी फडक्यात बांधून जेवणाचं भांडं आणायच्या. तुम्ही वाफ्यात वाकलेले असायचात. त्या बांधावरून त्यांच्या हिंदीत दटावायच्या, "साहब, पहले खाओ! मूली भागेगा नहीं!" आणि तुम्ही खरोखर हात धुऊन बांधावर येऊन बसायचात. घरी आईने चारदा हाक मारल्यावर पानावर येणारे तुम्ही. त्या काहीतरी सांगायच्या आणि तुम्ही मोठ्याने हसायचात. तुमचं तसं हसणं मला ठाऊकच नव्हतं. मला त्या आवडल्या, आणि त्या आवडल्या याची थोडी भीतीही वाटली. परत आल्यावर आत्याने विचारलं, "तिकडं रांधतं कोण गं तुझ्या बापाला?" मी म्हटलं, "अण्णाच." तुम्ही मला काही बजावलं नव्हतंत. मीच आपली तेवढं म्हणून खेळायला पळाले.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तुम्ही पाटाच्या कडेला पडलात ते उठलाच नाहीत. आईने लेहचं नाव घेणंच सोडलं. रडली नाही, रागावली नाही, नुसतं नाव घेणं सोडलं.

या दिवाळीनंतर आम्ही तिला इकडे आणलं. गुडघे गेलेत, साताऱ्यात एकटं ठेवणं जमेना. मी मोठ्या हौसेने तिला मागच्या दारी नेलं. तिने वाफे पाहिले आणि म्हणाली, "तुलाही लागलं का हे?" आणि आत निघून गेली. नंतर माझ्या लक्षात यायला लागलं, मी अंगणातली भाजी केली की ती ताक-भातावर भागवते. सुपरमार्केटची भेंडी आणली की खाते. नात म्हणते, "आजी, इट्स ऑरगॅनिक!" आई म्हणते, "असू दे गं बाई." दोन महिन्यांत ती वाळली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, पण खायला हवं. मी मनाशी ठरवलं होतं, हा हंगाम झाला की वाफे बुजवायचे. तिच्यापुढे भाजी काय मोठी.

मग जानेवारीतली ती शुक्रवारची, इथल्या सुट्टीची दुपार. घरात सगळे लवंडलेले. ऊन मऊ होतं म्हणून आई दारातल्या खुर्चीत बसली होती, पाठ माझ्याकडे. मी सलगम उपटत होते. पाठ तशीच ठेवून तिने विचारलं,

"तिथं त्यांना जेवायला कोण घालत होतं?"

माझा हात थांबला. मी म्हटलं, "अण्णाच करायचे की. भात, बटाटा, असंच काहीतरी."

तिने गुडघ्यांवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "म्हणजे धड जेवत नव्हतेच."

"तसं नाही आई."

"त्यांना शेवटचं घरी घेऊन तो तिकडचा साहेब आला होता ना, तो म्हणाला, सकाळपासनं पोटात काही नव्हतं. पाण्याची पाळी होती म्हणून तसेच गेले. तेवढंच वाक्य राहिलंय माझ्याजवळ. उपाशी गेला माणूस. आणि हे घरचं लावलेलं हिरवंगार पुढ्यात आलं की घास उतरत नाही माझा. ह्याच्यापायी उपाशी गेला."

अण्णा, इतकी वर्षं मला वाटत होतं, मी आईला एका बाईपासून जपते आहे. ती त्या वाटेला कधी गेलीच नव्हती. ती तुमच्या पोटाची काळजी करत बसली होती.

मी मातीच्या हातांनीच तिच्या पुढ्यात जाऊन खाली बसले आणि सगळं सांगितलं. शेजारच्या बाई, भांडं, फडकं, मुळा पळून जाणार नाही म्हणून दटावणं, सगळं. म्हटलं, "त्या एका सकाळचं मला माहीत नाही. पण मी होते तेव्हा एकही दिवस त्यांनी अण्णांना उपाशी राहू दिलं नाही."

आई माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आता ती विचारणार. तिने विचारलं, "काय करायची ती?"

"कणकेचे गोळे अंगठ्याने दाबून वाटीसारखे करायचे आणि सलगम, गाजर, पालकाबरोबर रश्शात शिजवायचे. नाव नाही आठवत."

"अगं, मग त्या आपल्या चकोल्याच की," आई म्हणाली. "त्यांना आवडायच्या चकोल्या." तिने खुर्चीचा हात धरला, उठली आणि म्हणाली, "आण ते सलगम. पाला टाकू नकोस, तोही घालू."

कणीक तिनेच मळली. गोळेही अंगठ्याने तिनेच दाबले, मला हात लावू देईना. वरून लसणाची फोडणी दिली, जी त्या बाई देत नसत. वाडग्यात वाढून घेतलं आणि सगळं संपवलं, मग अर्धा डाव आणखी घेतला. "मीठ कमी पडलं," एवढंच म्हणाली. हल्ली ती सकाळी मागच्या दारी येते. पालकावर माव्याची कीड पडलीय का बघते आणि मला नावं ठेवते की मी पाणी फार घालते.

एक तेवढं सांगायचं राहिलं. त्या दुपारी उठता उठता आईने विचारलं होतं, "वयाने कशी होती गं?" आणि मी म्हटलं, "म्हातारी होती आई, दात पडलेले होते." अण्णा, तुम्हाला ठाऊक आहे त्या कशा होत्या. आईहूनही लहान असतील, आणि हसल्या की दात कसे दिसायचे ते मला अजून आठवतं. तुमच्यात काही होतं की नुसतं जेवणच होतं, हे मला कधी कळणार नाही आणि आता कळायला नकोही. पण हे पत्र मी घरात ठेवणार नाही. आई अजून चष्मा लावून समोर येईल ते वाचते.