गळकी उघाडी रोह्याला नेण्याबाबत

प्रति,
मा. संयोजक,
शालेय विज्ञान मेळावा समिती,
पेण विभाग.

अर्जदार : सौ. रोहिणी नितेश मोकल, रा. गडब, ता. पेण, जि. रायगड.

विषय : इयत्ता सातवीतील कु. किमया नितेश मोकल हिचे निवड झालेले मॉडेल मागे घेऊन तिने स्वतः केलेले मॉडेल रोहा येथील मेळाव्यात मांडू देण्याबाबत.

संदर्भ : पेण येथील मेळाव्यात जाहीर झालेला प्रथम क्रमांक.

महोदय,

१. अर्जदार ही वरील विद्यार्थिनीची आई आहे. अर्जदाराचे माहेर खाडीकाठचे. तिकडे भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दार असते, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की पाण्याच्याच रेट्याने दार मिटते, ओहोटीला शेतातले पाणी ते ढकलून बाहेर पडते. दिवाळीच्या सुट्टीत किमया मामाबरोबर बांधावर गेली आणि जेवायची हाक ऐकूनही त्या दारापाशी बसून राहिली. घरी आल्यावर तिने थर्माकोलचा खोका, आइस्क्रीमच्या काड्या आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन तशीच उघाडी केली. तिला कोणी सांगितले नव्हते.

२. विद्यार्थिनीचे वडील रोह्यातील एका कंपनीत मशीनदुरुस्तीचे काम करतात. हाताला कसब आहे, मुलीवर जीव आहे. पण सातवीनंतर स्वतःची शाळा सुटली, ते त्यांच्या मनातून गेलेले नाही. मॉडेल मेळाव्याला जाणार असे कळताच ते म्हणाले, "असला खोका नेलास तर हसतील गो लोक. सरक, मी करतो." मग ॲक्रिलिकची पेटी आली, मोटर आली, पाणी चढले की आपोआप पेटणारे लाल दिवे आले. किमयाने हात पुढे केला की "मोडशील" म्हणून तो मागे सारला जाई. थर्माकोलचा खोका त्यांनी कचऱ्यात टाकला.

३. मेळाव्यात परीक्षकांनी दिव्यांविषयी विचारले, तेव्हा किमयाने मागे वळून पाहिले आणि तेथे उभ्या असलेल्या वडिलांनी उत्तर दिले. पुढच्या प्रश्नालाही त्यांनीच दिले. पहिला क्रमांक आला आणि रोह्याच्या पुढच्या मेळाव्यासाठी निवड झाली. वडिलांनी पेढे वाटले, कंपनीतल्या सगळ्यांना रोह्याच्या मेळाव्याचे आमंत्रण दिले. किमयाने पेढा तोंडात घातला नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी वडिलांनी लिहून दिलेले भाषण पाठ करणे सुरू झाले. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मुलीचे जेवण तुटले, पोटात दुखू लागले. डॉक्टरांना काही सापडले नाही. अर्जदाराने पतीस सांगून पाहिले. "तिच्या भल्याचंच करतोय ना मी?" असे ते म्हणाले. ते खोटेही नव्हते.

४. गेल्या गुरुवारी दुपारी शाळेतून फोन आला की, किमया आज आलेलीच नाही. अर्जदार हातातले पीठ तसेच टाकून निघाली. घरातले मॉडेलही जागेवर नव्हते. पतीस कळवावे तर कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करून घेतात. नुसतीच रिंग वाजत होती. कासू स्टेशनात भाजी घेऊन बसणाऱ्या सीताबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "तुजी पोर रोह्याच्या गाडीत बसली गो, मांडीवर पोतं घेऊन. मी इचारलं कुटं, तर बोलली बाबाकडं." पुढच्या गाडीला वेळ होता. अर्जदाराने हायवेवर येऊन मिळेल त्या वाहनाने नागोठणे व तेथून रोहा गाठले. वाटेत काय काय मनात आले ते अर्जात लिहिण्याजोगे नाही.

५. अर्जदार पोचली तेव्हा पहिली शिफ्ट सुटत होती. किमया गेटसमोर उन्हात उभी होती, पायाशी पोते. वडिलांच्या सोबतचे लोक तिच्याभोवती जमले. "ही तर नितेशची सायंटिस्ट!" म्हणून एकाने टाळ्या वाजवल्या, दुसऱ्याने पेटी बाहेर काढून ती कशी चालते ते विचारले. ती म्हणाली, "बाबाला इचारा. मला फकस्त पाठ हाय." तोवर वडील पुढे आले. "शाळा सोडून आलीस?" म्हणत त्यांचा हात वर गेला. किमया मागे सरली नाही. "बाबा, ह्ये तुजं हाय," ती म्हणाली. "मेळाव्याला तूच जा घेऊन. मी नाय येणार." टाळ्या वाजवणारा गृहस्थ खाली बघू लागला. वडिलांचा हात कितीतरी वेळ तसाच वर होता. मग त्यांनी वाकून पेटी पोत्यात भरली आणि पोते खांद्यावर घेतले.

६. परतीच्या गाडीत वडिलांनी पोते मांडीवर घेतले. नागोठणे गेल्यावर वडिलांनी बाहेर बघतच विचारले, "तुजी कशी होती?" "थर्माकोलची. तू फेकलीस." रविवारी वडिलांनी दुकानातून खोका मागून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. ती काम करीत असताना ते शेजारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. दार वाकडे बसले तरी बोलले नाहीत. पाणी ओतल्यावर उघाडी मिटली, पण कडेने गळू लागली. तेव्हा ते उठून अंगणात गेले, एक चक्कर मारली आणि परत येऊन बसले. ट्यूब कुठे कमी पडली आणि भरती वाढली की गळती कमी का होते, हे किमयाने त्यांना समजावून सांगितले. त्या दिवशी ती दोन भाकऱ्या जेवली.

७. शाळेतील सरांचे म्हणणे असे की, गळके मॉडेल नेल्यास शाळेचे नाव जाईल आणि निवड झालेले मॉडेल बदलता येत नाही. म्हणून अर्जदार थेट आपणाकडे विनंती करीत आहे :

(अ) ॲक्रिलिकचे मॉडेल रद्द समजून थर्माकोलच्या उघाडीस रोह्यात जागा द्यावी.

(आ) नियमात बसत नसल्यास पहिला क्रमांक परत घ्यावा. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

(इ) ते प्रमाणपत्र वाया जाऊ नये असे वाटल्यास त्यावरील नाव खोडून श्री. नितेश मोकल असे लिहावे. पेटी त्यांची आहे, चांगली झाली आहे आणि त्यांना शाळेत असताना कधी बक्षीस मिळाले नव्हते.

(ई) जागा मिळाल्यास टेबलाखाली बादली ठेवण्याची परवानगी असावी. बादली व फडके आम्ही घरून आणू. फरशी ओली राहणार नाही, ही जबाबदारी विद्यार्थिनीच्या वडिलांनी घेतली आहे.

मेळावा येत्या शुक्रवारी आहे. उत्तर कधी येईल असे मुलगी आतापासूनच विचारते आहे, तरी लवकर कळवावे.

आपल्या होकाराची वाट पाहणारी,
सौ. रोहिणी नितेश मोकल

गडब, दि. ९ डिसेंबर २०२५

सोबत : १) प्रथम क्रमांकाचे प्रमाणपत्र, मूळ प्रत.
२) "माझी उघाडी का गळते" — किमयाने लिहिलेले एक पान, खाडाखोडीसह.