‘गप्प’ या रकान्याविषयी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त कीटकशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे म्हणता येत नाही, म्हणून उद्या सकाळी ते उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. पण हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नाहीत. यापूर्वी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते बनावट समजावे.

कलम पहिले: घर. हे तीन खोल्यांचे राहते घर माझ्या धाकट्या भावाच्या एकुलत्या एक मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, विनाअट मिळावे. गेले काही महिने ती माझ्याशी अबोला धरून आहे. अबोला सोडण्याचीही अट नाही. न्हाणीघरातला नळ घट्ट फिरवू नये, आटे गेलेले आहेत. मागच्या खोलीतल्या कोळ्यांना मी कधी झाडलेले नाही. तिने झाडले तर माझी हरकत नाही, पण मग डासांबद्दल तक्रार करू नये.

कलम दुसरे: बँकेतली शिल्लक. इस्पितळाचे भागवून जे उरेल ते भावाला द्यावे. तो आधी नको म्हणेल, मग अजिबात नको म्हणेल, आणि मग घेईल. आमच्या घरात सगळे असेच घेतात.

कलम तिसरे: उपकरणे. श्वास मोजायच्या काचेच्या नळ्या आणि त्यांना जोडलेले यंत्र पुतणीला द्यावे. कोर्टात हे वाचणाऱ्यांना या नळ्या म्हणजे अडगळ वाटेल, म्हणून थोडे सांगते. माझा विषय कीटकांचे चयापचय, म्हणजे जिवंत राहायला त्यांना काय खर्च येतो ते मोजणे. त्यातही मी आयुष्य घातले ते खपऱ्यावर. धान्यात पडणारा हा एवढासा भुंगा. त्याची केसाळ अळी धान्य खाते. थंडी पडली, उपासमार झाली की ही अळी फटीत शिरून निपचित पडते आणि खर्च इतका कमी करते की बऱ्याच वेळाने एकदा श्वास सोडते. मधल्या काळात यंत्राचा काटा शून्यावर असतो. अशी ती वर्षानुवर्षे पडून राहू शकते.

आमच्या गुरूंनी, मोठ्या बाईंनी, प्रयोगशाळेला एक शिस्त लावली होती. काटा शून्यावर असला तरी अळीला मेली म्हणायचे नाही. तक्त्यात तिच्यासाठी वेगळा रकाना असे, ‘गप्प’. तिला ऊब द्यायची, समोर दाणे ठेवायचे, वाट बघायची. तरीही हलली नाही तरच ‘मृत’. नव्या मुलांना या रकान्याचे हसू यायचे. मलाही आले होते.

कलम चौथे: माझे प्रसिद्ध शोधनिबंध. ही माझी खरी इस्टेट. यांतले बरेचसे तिघांनी वाचले आहेत: मी, परीक्षक आणि मुद्रितशोधक. परीक्षकाबद्दल मला शंका आहे. हे सगळे निबंध माझे धरावेत, फक्त थंडीने खपरा मरतो असे सांगणारा धरू नये. दुर्दैवाने माझा सर्वांत जास्त उल्लेख होतो तो त्याच निबंधासाठी.

तो लिहिला आमच्या विभागप्रमुखांनी. विद्यार्थी त्यांना खोडरबर म्हणत, कारण आलेखाच्या रेषेवर न बसणारा ठिपका ते पुसून टाकत. मोजमापे माझी होती. त्यांनी आकडा एकही बदलला नाही. फक्त ‘गप्प’ या रकान्याचे नाव ‘मृत’ केले आणि मला न विचारता माझे नाव आपल्याखाली घातले. छापून आल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते चहा ढवळत होते.

“अहो, बाहेरच्या लोकांना गप्प कळत नाही,” ते म्हणाले. “मेलं कळतं. आणि यंत्र शून्यच दाखवतंय ना?”

“आत्ता दाखवतंय.”

“मग झालं तर.”

नियतकालिकाला पत्र घातले. उत्तर आले की आकडे पडताळले, बरोबर जुळतात. जुळणारच. त्या माणसाला मी माफ केलेले नाही आणि मरताना करीन असेही वाटत नाही. माझ्या शोकसभेत त्याने बोलू नये.

आता पुतणीबद्दल. ती हुशार आहे, माझ्याच हाताखाली नळ्या धुवायला शिकली, आणि आज त्याच खोडरबराकडे काम करते. गावाच्या मोठ्या गोदामात विषारी धूर न देता नुसत्या थंडीने खपरा मारला, असा तिचा पहिला निबंध तयार आहे. पहिले नाव तिचे. तो दाखवायला ती मोठ्या उमेदीने आली होती.

“अर्धा तास शून्य आलं, आत्या. सगळ्या नमुन्यांत.”

“अर्धा तास तर कधी कधी मीही काही बोलत नाही.”

“तुझं ते गप्प-बिप्प आता कोणी धरत नाही गं. तुझं नाव मागे राहिलं म्हणून माझं अडवतेस का?”

ती कागद गोळा करून निघून गेली. ते वाक्य मला लागले. अजून लागते, आणि तिच्याशिवाय हे घर मला खायला उठते. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.

कलम पाचवे: कीटकसंग्रहाची सागवानी कपाटे. ज्या सुताराने ती केली त्यालाच दिली असती, पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील सांगतात. म्हणून ती संस्थेला

वरचे वाक्य अर्धे राहिले आहे आणि शेजारी शाईचा डाग पडला आहे. ती खाडाखोड समजू नये. लिहीत असताना सुतार आत आला. घाईत होता.

“लवकर आटपा बाई, मला गोदामावर जायचंय. आज संध्याकाळी दार बंद करतायत. मी पट्ट्या ठोकल्या की वरून सील. पुढचं पीक येईपर्यंत उघडायचं नाही म्हणे.”

“सीलवर सही कोणाची?”

“तुमच्या पुतणीचीच की.”

साक्षीसाठी आधीच येऊन बसलेल्या घरच्या डॉक्टरांनी नाडी बघायला हात पुढे केला. मी माझा दिला नाही, मला लिहायचे होते.

कलम सहावे, आणि आता हेच महत्त्वाचे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचतात. हे तसे वाचले तर उपयोग नाही. या गोदामात गावाचे पुढच्या पिकापर्यंतचे धान्य आहे. दार उघडेल तेव्हा पोत्यांत टरफले, भुसा आणि केस असतील, आणि बाहेरच्या कागदावर माझ्या पोरीचे नाव. खोडरबर आपले नाव पुसून घेईल, त्याला सराव आहे. म्हणून डॉक्टरांनी मी जिवंत असतानाच, आत्ता, याची नक्कल पुतणीच्या हातात नेऊन द्यावी.

पोरी, माझे ऐकू नकोस. यंत्राचेही ऐकू नकोस. थंडीची यंत्रे बंद केली असली तरी धान्य थंडी महिनोन्महिने धरून ठेवते, हे तुला माहीत आहे. मधल्या थप्पीतले एक पोते उसव आणि कोपरापर्यंत हात घाल. हाताला गार लागले तर मी चुकले; खुशाल सील लाव आणि माझ्यावरचा राग तसाच ठेव. जागे झालेले जीव श्वास घेतात, आणि श्वास घेणाऱ्यांची ऊब लपत नाही. मला भीती वाटते आहे. उद्याची नाही, तुझ्यासाठी.

सुताराने आपली हातोडी थोडा वेळ इथे विसरावी, असे मी सुचवले. तो म्हणाला, “विसरलो समजा.”

कपाटे संस्थेला द्यावीत. देह वैद्यकीय महाविद्यालयाला. बाकी काही नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोघांसमक्ष सही केली.

(सही) लिहून देणार

साक्षीदार: १. (सही) घरचे डॉक्टर. २. (सही) सुतार.

ठिकाण: राहते घर. दिनांक: एकोणीस जानेवारी.

साक्षीदार क्रमांक एक यांची जोडनोंद, बाईंच्या सांगण्यावरून, त्याच दिवशी: नक्कल मी स्वतः गोदामावर नेऊन दिली. सुतार न आल्यामुळे दार उघडे होते. पुतणीबाईंनी ती उभ्या उभ्या वाचली, मग पहिले पान पुन्हा वाचले. तशाच आत गेल्या, मधल्या थप्पीतले पोते उसवले आणि हात घातला. बराच वेळ त्यांनी तो बाहेर काढला नाही. काढल्यावर माझ्यापुढे धरला. मी मनगट धरून पाहिले. हात गरम होता, आणि बाहीवर काहीतरी चालत होते.

त्यांनी मला एवढेच विचारले, “आत्या जागी आहे ना अजून?”