मागच्या दाराची कडी

राहुरी, ६ ऑगस्ट १९७२

ती. सुमंतदादास,
दमयंतीचा सा. न. वि. वि.

मासिकाचा अंक परवा पोचला. शेवगावच्या शाळेत गणित शिकवणारा माझा भाऊ विज्ञानकथा लिहितो, हे मी शेजारीपाजारी आधीच मिरवून आले होते. काल आईला समोर बसवलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. तुझा नायक कालयंत्रात बसून पंचवीस वर्षं मागे, सत्तेचाळीसच्या आपल्या सोनईत उतरतो, तिथवर आई हसत होती. या मुलाला साधी सायकल धड चालवता येत नाही, म्हणाली.

मग ते वाक्य आलं. नऊ वर्षांचा मुलगा पतंगामागे धावताना मागच्या दाराची कडी काढतो, दार तसंच टाकतो, आणि चार वर्षांचा धाकटा भाऊ विहिरीकडे जातो. मी अंक मिटायला गेले. आई म्हणाली, थांबू नकोस, वाच.

दादा, आपला शरद गेला तेव्हा कडी आईनेच उघडी ठेवली होती, असं मी जन्मापासून ऐकत आले. नाना मरेपर्यंत तेच म्हणत होते. खरं काय आहे? आणि तुझा नायक दारापर्यंत पोचूनही कडी न लावता परत का येतो? आई कालपासून जेवली नाही. उलट टपाली लिही.

लोभ आहेच, पण तो असाच राहो असं लिहायला आज हात धजत नाही.

दमयंती

शेवगाव, १० ऑगस्ट १९७२

चि. दमयंतीस अ. उ. आ.

खरं आहे. कडी मी काढली. दार कोणी उघडलं म्हणून नाना ओरडले, तेव्हा आई रडत म्हणाली, मीच विसरले असेन. मी धान्याच्या कणगीमागे उभा होतो. गप्प राहिलो. पुढे गप्प राहणं रोज थोडं सोपं होत गेलं.

गोष्टीत तरी कडी लावून टाकू, असं वाटलं होतं. लावलीही. नायक परतला तर शरद एकोणतीस वर्षांचा, आई हसती. पण घरात तू नव्हतीस. शरद गेला म्हणून दोन वर्षांनी तू झालीस, हे आईनेच आपल्याला सांगितलं आहे. सात वेळा लिहिलं, सात वेळा फाडलं. शेवटी त्याला तसाच परत आणला.

आईला तोंड कसं दाखवू? तूच विचारून कळव. जमलं तर माया ठेव.

तुझा दादा

राहुरी, १४ ऑगस्ट १९७२

चि. सुमंतास आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहिते आहे. गोष्ट ऐकून आधी छातीवरचा दगड उतरला, की माझ्या हातून झालं नव्हतं. मग त्या सुटकेचीच लाज वाटली, कारण हात तुझा होता. दोन दिवस घास उतरला नाही.

नऊ वर्षांच्या पोराला मी काय बोलू? तेव्हा कळलं असतं तरी मी ते माझ्यावरच घेतलं असतं. पण नाना गेले तेव्हा तू एकतीस वर्षांचा होतास. आठवडाभर त्यांच्या उशाशी होतास. शेवटचं पाणीसुद्धा त्यांनी माझ्या हातून घेतलं नाही, हे तू पाहिलंस. तुझा नायक दाराशी कशाला गेला? त्या खाटेशी जायला हवा होता. तिथे तर तू होतासच, यंत्र लागत नव्हतं.

रविवारी सोनईला ये. काका आहेत, तुझ्या दोन्ही आत्या आहेत. सगळ्यांसमोर तू सांगायचंस. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. जेवूनच निघ, तिथे आपल्याला कोणी वाढेल याची खात्री नाही.

तुझी आई