ताज्या डांबरावरची चार पावलं

माळेगाव बुद्रुक,
१३ फेब्रुवारी १९९६

चि. रविराज यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं डांबर अंथरायचं मशीन महिनाअखेर आपल्या कळंबला पोचणार हे कळल्यापासून आबा गावभर सांगत सुटलेत, ते यंत्र माझा पोरगा चालवतो. शेजारचे गेणबाकाका आता त्यांना चुकवून दुसऱ्या वाटेनं जातात म्हणे.

तुझे दाजी म्हणतात, आमच्या कारखान्याची साखर पोत्यात जाते, तुमच्या आबांची रक्तात गेली. थट्टा राहू दे. परवा डॉक्टरांनी आबांच्या तळव्याला सुई टोचली, तर हे उलट विचारतात, टोचताय कधी? तळव्यातली जाणीवच गेलीय. आता घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. मी मऊ रबरी चपला घेऊन दिल्यात, पण मेंढरांमागं कोकणापर्यंत अनवाणी गेलेला माणूस, त्यांना चपलांची लाज वाटते. आई गेल्यापासून तिथं एकटेच असतात. तू कळंबला असशील तेव्हा त्यांच्या पायांकडं लक्ष ठेव. एवढंच मागते.

माया आहेच, कामाच्या नादात विसरू नकोस.
तुझी अक्का, रोहिणी

कळंब,
२ मार्च १९९६

ती. सौ. अक्कास रविराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल मशीन आपल्या गावात आलं. पुढून डंपर गरम माल ओततो, मशीन मुंगीच्या चालीनं सरकतं आणि मागं वाफाळतं डांबर सपाट पसरत जातं. कडेच्या दोरीवरून माझी नजर हलली की रस्ता वाकडा झालाच, त्यामुळे मागं बघायची सोय नाही.

आबा नारळ घेऊन आले. मशीनला हळदकुंकू वाहिलं. नंतर एकदा मान वळवली, तर चपला कडेला काढून ताज्या डांबरावर हात जोडून उभे! मी ओरडलो, तर म्हणाले, लेकराच्या कामावर चपला घालून कसं जायाचं? चार पावलं चालले, कपाळावर आठीसुद्धा नाही. मेंढक्याचे तळवे ते! मला तर भरून आलं. जाताना चपला तिथंच विसरले, त्या मी ठेवून घेतल्यात. तू उगीच काळजी करतेस.

दाजींना नमस्कार. धाकट्यावर आहे तशीच माया असू दे.
तुझा रविराज

बारामती,
९ मार्च १९९६

चि. रविराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी इथं दवाखान्यात, आबांच्या उशाशी बसून वाचलं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी तळव्यांचं डांबर रॉकेलनं पुसलं. त्याबरोबर कातडी निघत होती, तीही डांबर समजून पुसली. वास यायला लागला तेव्हा गेणबाकाकांनी त्यांना एसटीत घालून इथं आणलं. दोन्ही पाय काळे पडलेत. गुडघ्याखाली कापावे लागतील म्हणतात. आबा कागदावर अंगठा देत नाहीत. रव्या आल्याबिगर न्हाय, एवढंच म्हणतात.

मी तुझ्यावर चिडले आहे, लपवत नाही. पण तू ये.
रोहिणी

बारामती,
१८ मार्च १९९६

चि. रविराज यास आशीर्वाद.

तुमचा मुक्काम चार तारखेलाच कळंबहून उठून इंदापूरकडं गेल्याचं आज कळलं, म्हणून हे पत्र तिकडं टाकते. पहिलंही फिरत फिरत पोचेल. आबांनी पाच दिवस तुझी वाट पाहिली. मग तापात शुद्ध गेली आणि सही मी केली. दोन्ही पाय गेले, रवी.

शुद्धीवर आल्यावर पायांचं काही विचारलं नाही. डांबरात उमटलेली त्यांची पावलं नीट आहेत का, तेवढं तुला विचारायला सांगितलंय. भेटायला येईल त्याला सांगतात, पाय गेलं तर जाऊ द्या, पावलं हायत की रव्याच्या रस्त्यावर.

त्यांना काय सांगू ते कळव.
अक्का

इंदापूर,
२४ मार्च १९९६

ती. अक्कास नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं परवा एकदमच हातात पडली. काल बारामतीला आलो होतो. दवाखान्याच्या दारातून परत फिरलो. आबांच्या चपला पिशवीत होत्या, त्या घेऊन आत कसा येऊ?

पावलं नाहीत, अक्का. त्या दिवशी मीच रोलरवाल्या सोनबाला ओरडून सांगितलं, आबांची पावलं दाब, माझ्या रस्त्यावर खळगे नकोत. सगळे हसले, आबाही हसले; मशीनच्या आवाजात त्यांना नीट ऐकू गेलं नसणार. परतताना कळंबला उतरून तास-दीड तास शोधलं. जागासुद्धा ओळखू येत नाही, इतकं साफ काम झालंय.

आबांना मात्र आहेत म्हणून सांग.

लोभ ठेव असं लिहायला हात होत नाही.
रविराज